शुक्रवारचा उंदीर

कन्निकाचा हात शुक्रवारच्या निळ्या उंदराच्या पलीकडच्या कानापर्यंत पोचेना. पुतळाच तो, उंदराचं डोकं चांगलं रांजणाएवढं, आणि पायरीवर टाचा उंचावल्या की पोट मध्ये येत होतं. पोटाला धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पाचवा महिना. याआधीची दोन इथवर पोचलीच नव्हती.

देवळातला कर्णा सकाळपासून एकच गोष्ट सांगत होता. ज्याने त्याने आपल्या जन्मवाराच्या उंदराकडे जावं, एका कानात मागणं सांगावं आणि दुसरा कान हाताने झाकावा. नाहीतर शब्द इकडून आत जातात आणि तिकडून बाहेर पडतात. नदीकाठी प्रचंड गुलाबी गणपती उशाला हात देऊन निवांत पहुडला होता. कान त्याचे नावेच्या शिडाएवढे, पण त्याच्याशी थेट बोलायची सोय नाही. साहेबाला भेटायचं तर आधी शिपायाला गाठावं लागतं, मग देवाच्या दारी तरी वेगळं काय असणार?

"आई, हा कान धर गं जरा," असं म्हणत कन्निका वळली. आई मागे नव्हतीच.

तिची आई बुनमी लाल उंदराशी उभी होती. इथे वारागणिक उंदराचा रंग वेगळा; लाल म्हणजे रविवारचा. बुनमी स्वतः शनिवारची, तिचा उंदीर जांभळा. म्हातारीला रंग दिसेनासे झाले की काय, अशी शंका कन्निकाला आली. तिने मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि ती जपून पायरी उतरली. तोवर बुनमी सोमवारच्या पिवळ्या उंदरापाशी पोचली होती. तिथेही तिने एका हाताने कान झाकला, दुसऱ्या कानाला तोंड लावलं, डोळे मिटले. मग मंगळवारचा गुलाबी. बुधवारचे दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन उंदीर होते; तिने तेही सोडले नाहीत आणि गुरुवारचा नारिंगीही.

रांगेतली माणसं हसायला लागली. ताडपानाची टोपी घातलेला एकजण म्हणाला, "मावशी, सगळ्यांनाच कामाला लावलंत. लॉटरी लागली तर आम्हाला विसरू नका हं."

कन्निकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेली ही बाई. बोटीच्या धक्क्यावर केळीच्या पानातला चिकट भात विकून तिने एकटीने लेक वाढवली, लग्न लावून दिलं, कुणापुढे हात पसरला नाही. आणि आज, नेमकं आज, हिला ही हाव कुठून सुटली? बरं, देवाशी असा आगाऊपणा केलेला चालत नाही हे हिनेच शिकवलेलं. एक माणूस, एक उंदीर, एक मागणं.

जांभळ्या उंदराचा कान सोडून बुनमी वळली, तेव्हा कन्निकाने तिचं मनगट धरलं आणि तिला चाफ्याच्या सावलीत नेलं. हळू आवाजात, पण सगळं बोलून घेतलं. देवाला असं छळलंस आणि ते माझ्या बाळाला भोवलं तर? एवढं काय काय मागायचं होतं तुला?

"एकच मागितलं," बुनमी म्हणाली. "तुझं हे टिकू दे."

"मग माझ्या उंदराला सांगायचंस ना. तो एक तेवढा सोडलास आणि बाकी गाव पालथं घातलंस."

 बसमध्ये सगळी वाट बुनमी हेच मनात घोळवत आली होती. सांगावं तर लेक जाते, न सांगावं तर लेकीचं मूल. म्हणून तिने आपली ही तिसरी वाट काढली होती. पण आता तीही बंद झाली.

"तुझा उंदीर कोणता, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "निळ्याला तू सांगणारच होतीस, म्हणून बाकीच्यांना मी सांगितलं." "एक बाई तुला माझ्या टोपलीजवळ ठेवून तिकीट काढायला गेली. बोट सुटली, ती काही परत आली नाही. तुझी नाळसुद्धा पडायची होती. आदल्या आठवड्यातला कुठलाही वार असेल, पोरी. तू मला मिळालीस तो वार मी जन्माच्या कार्डावर लिहिला, शुक्रवार."

कन्निका चाफ्याच्या पारावर बसली. तिच्या नावाचं अक्षर शुक्रवारवरून निघालं होतं, पत्रिका शुक्रवारवरून मांडली होती, लग्नाचा मुहूर्तही त्यावरूनच काढला होता. अंगात आत्ताही निळा ब्लाउज होता. तिला राग आला, खूप आला. इतकी वर्षं? बुनमी समोर उभी होती, हात पोटाशी धरून, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी. त्या हातांना अजून केळीच्या पानाचा वास येत होता. तो वास कन्निकाच्या ओळखीचा होता. त्याच्या आधीचं तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

कर्ण्यावर पुन्हा तेच सुरू झालं. ज्याने त्याने आपल्या जन्मवाराच्या उंदराकडे जावं.

कन्निका उठली. परत निळ्या उंदराच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बुनमी जागची हलली नाही. आपण जावं की नाही, तिला कळेना. नंबर आला तशी कन्निका जपून पायरी चढली आणि तिने मान वळवली.

"आई, तुला मुलगी कुठल्या वारी झाली?"

बुनमी तिथूनच म्हणाली, "शुक्रवारी."

"मग अशी लांब काय उभी राहिलीस? ये, पलीकडचा कान झाक."