कपाळपट्टीचा दिवा

शवागारातल्या रजनीताईंनी प्रेताच्या तोंडावरून चादर खाली केली. समोर उभ्या खैरमोडे मास्तरांच्या कपाळाला पट्टी बांधलेली होती. दिलेलं उत्तर चुकलं हे मेंदूच्या लक्षात आलं, की तिच्यावरचा दिवा लागे, मग माणूस कबूल करो वा न करो. पट्टीशिवाय पटवलेली ओळख आता कुणी ग्राह्य धरतच नसे.

"हा आमचा मिलिंद नाही," मास्तर ठामपणे म्हणाले.

दिवा लागला. समोरच्या काचेत तो त्यांनाही दिसला.

"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय."

"असेल, मास्तर," रजनीताई हळूच म्हणाल्या. "बसा जरा."

मास्तर बसले नाहीत. चादरीबाहेर एक पाऊल उघडं राहिलं होतं. त्यांनी ते नीट झाकलं.

"इथला गारवा जरा कमी करा," ते म्हणाले. "याला लहानपणापासून सोसत नाही."