‘नाइस’ची शिक्षा

इंग्रजीच्या बाईंच्या वर्गात ‘नाइस’ या शब्दाला सक्त बंदी होती. जेवण नाइस, हवा नाइस, फ्रॉक नाइस आणि वर मामाही नाइस! "ज्याला नीट बघायचा कंटाळा, त्याचा हा शब्द," बाई कडाडायच्या. कुणाच्या तोंडून तो निसटलाच, तर दुसरा नेमका शब्द सापडेपर्यंत त्याने उभं राहायचं.

बाईंचे यजमान गेल्याचं कळलं, तशी एक जुनी विद्यार्थिनी त्यांना भेटायला आली. बाई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या, जणू आतून आत्ता हाक येईल.

काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "काकांना मी कधी पाहिलंच नाही. कसे होते हो, बाई?"

बाईंनी भिंतीवरच्या नव्या फोटोकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"नाइस होते."

एवढ्या दुःखातही तिला हसू आवरेना. "बाई, आता तुम्हालाच उभं राहावं लागणार!"

 

"सवय आहे गं," बाई उठत म्हणाल्या, "हे घरात असताना मी बसले होते कधी?"