रेघेतली थरथर

धाकट्या बहिणीच्या पत्राला त्याने सहा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. "दादा, चूक कुणाचीही असो, एकदा ये," एवढाच मजकूर आणि सोबत भाचीचा फोटो. चूक तिचीच होती, याबद्दल त्याला शंका नव्हती. तरी शर्ट बदलला की पत्र न चुकता नव्या शर्टाच्या खिशात जायचं.

घरी वाट बघणारं कुणी नसल्याने तो रविवारीही प्रयोगशाळेतच असे. तिथे काचेच्या कुपीतले अणू चुंबकक्षेत्र मोजत. ते इतके हळवे, की माणसाच्या काळजाची धडधडही टिपत. म्हणून तो किल्ल्या, पट्टा, घड्याळ दाराबाहेर ठेवूनच आत जाई. तरीही पडद्यावरच्या रेघेत एक बारीक थरथर उरायचीच. तारा बदलून झाल्या, कवच बदलून झालं, लिफ्टसुद्धा बंद ठेवून झाली.

"सर, रागावू नका," सहकारी बाई शेवटी म्हणाल्या, "पण तुम्ही चहाला गेलात की रेघ अगदी शहाण्यासारखी सरळ होते. खिसे बघा बरं एकदा."

"अहो, नुसता कागद आहे. कागदाला कुठलं आलंय चुंबकत्व!" म्हणत त्याने पत्र बाहेर काढलं.

फोटो पत्राला लोखंडी टाचणीने टाचलेला होता.

त्या संध्याकाळी त्याने पोस्टात कार्ड टाकलं: "चिमे, सहा वर्षं मी चूक भलतीकडेच शोधत होतो. रविवारी येतो."