टिकला

विलायतेचा फोन ठेवून सहादेव कोपरगावच्या पोस्टातून जवळजवळ पळतच बाहेर थांबलेल्या बायकोकडे आला. "भागू, चुंबक टिकला! या खेपेला पूर्ण वीज सोडूनही टिकला!"

लग्न झाल्यापासून हा चुंबक भागूच्या संसाराच्या आड आला होता. बर्फाहून कितीतरी गार केला की त्यातून वीज विनाअडथळा धावायची. ती वाढवत नेऊन चुंबकाचा हा गुण कधी जातो ते तपासायचं, हे तिच्या नवऱ्याचं तिकडचं काम. दर वेळी चुंबक मध्येच तापायचा आणि सहादेव वैतागून सुट्टीवर यायचा. म्हणायचा, "एकदा हा टिकू दे, कायमचा घरी येतो."

भागूचे डोळे भरून आले. "म्हंजी आता न्हाई ना जायचं?"

सहादेवचं हसू ओसरलं. "तिकडं मोठं यंत्र उभारतायत, त्यात असे शेकडो बसवायचे हायेत. हा टिकला म्हणून आता बाकीचे बनवणार. ते सगळे मलाच तपासायचेत."

"आन् टिकला नसता तर?"

"तर काम बंदच करणार होते."

चुंबक टिकावा म्हणून भागू लग्नापासून सोमवार धरत आली होती.