विंगेतून दिसलेली राणी

बाकीची सगळी चित्रं समोरून काढलेली होती. दरबार, स्वयंवर, तलवार उपसलेला राजा. जुन्या संगीत नाटकांतले प्रसंग भूपालअण्णांनी म्हातारपणी मन लावून रंगवले होते आणि ते बघायला अर्धं कोल्हापूर लोटलं होतं. हंबीरराव मात्र एकाच चित्रापुढे खिळले. त्यात राणी पाठमोरी होती. राणी म्हणजे त्यांची बायको शालूबाई, चाळीस वर्षांपूर्वीची. अंगात सैल चोळी, आणि ती पाठीवर तीन पिनांनी आवळलेली.

खाली लिहिलं होतं, ‘मलकापूरचा प्रयोग, तिसरा अंक.’

भूपालअण्णा तेव्हा शालूबाईंच्या नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. पुढं हंबीररावांनीच त्यांना सणासुदीला घरी बोलावून आग्रहानं जेवू घातलं होतं. आता ती सगळी जेवणं हंबीररावांच्या घशाशी आली.

"ह्या पिना त्याला कुठनं दिसल्या?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांचं हळूच म्हणजे हॉलभर ऐकू जाईल एवढं.

"विंगेतनं," शालूबाई म्हणाल्या. "पडदेवाला विंगेतच उभा ऱ्हातोय की."

"आन् चाळीस वर्सं ध्यानात ऱ्हातंय व्हय? मनाचं न्हाय काढलेलं हे. बघितलंय, तसंच्या तसं काढलंय."

शालूबाई चष्मा पुसून चित्राजवळ गेल्या. राणीच्या खांद्यापलीकडे रंगमंचावरचे दिवे होते, दिव्यांपलीकडे प्रेक्षक. पहिली रांग गच्च भरलेली. मधली एक खुर्ची तेवढी रिकामी होती. ती खुर्ची कंपनी प्रत्येक प्रयोगाला शालूबाईंच्या नवऱ्यासाठी राखून ठेवायची.

"ही तुमची," त्या म्हणाल्या.

हंबीररावांनी मान पुढे काढून खुर्ची बघितली.

"डोळ्यावर दिवं असायचं, मला समोरचं कोण दिसायचं न्हाय. घरी आल्यावर तुम्ही म्हणालता, तिसऱ्या अंकाला डोळं भरून आलं."

"चित्र हाय ते. मनाचं बी काढत्यात."

"आन् पिना?"

हंबीररावांनी उगाच शेजारच्या दरबाराकडे बघितलं. तेवढ्यात भूपालअण्णाच हसत पुढे आले.

"काय वैनी, आवडलं का?"

"लई. आण्णा, हे आमच्या घरी धाडा. बैठकीत लावायचंय."

"त्यापरीस समोरनं काढलेलं घ्या की. ह्यात तुमचा चेहरा न्हाय."

"ह्यांचा बी न्हाय," शालूबाई म्हणाल्या. "हेच धाडा."