वाऱ्याची दिशा

अकोल्याच्या धावपट्टीवरच्या खांबाला वारा दाखवणारे कापड नव्हते. नुसती लोखंडी कडी आणि तिच्यातून ओवलेली दोरी उरली होती. सिंधू तिकडे पाहत राहिली. नागपूर ते मुंबई विमान एकटीने नेणारी फ्लाइंग क्लबातली ती पहिलीच मुलगी. इथे फक्त पेट्रोलपुरती उतरली होती. तेवढ्यात अकोल्यातल्या घरून बाबा नवे लुगडे घेऊन आले. "पाहुणे तुले पाहाले येऊन बसले घरी. हे नेस अन् चाल. इमान काय पळून जाते?" दोन वर्षे ती 'पाहू' म्हणत लग्न टाळत आली होती. तिने लुगड्याची घडी मोडली, पदर खांबाच्या दोरीला बांधला आणि दोरी ओढली. "अवं, नेसाचं हाय ते!" लुगडे वर चढले, फडफडले आणि पूर्वेकडे ताठ झाले. वारा मुंबईकडून, समोरून होता. उडायला तसाच लागतो. "बाबा, पाहुण्यायले सांगा, मी मुंबईले चालली. मले लगन कराचंच नाई."