दुसरीचं उत्तर

"लॅबमधून आलात? मग तोंड गोड केल्याशिवाय सोडायची नाही," असं म्हणत सुगंधाच्या सासूबाईंनी ऋजुताच्या हातावर पेढा ठेवला. लग्नाला कैक वर्षं झाल्यावर सुगंधा आई होणार होती. मिरजेतल्या लॅबच्या रिपोर्टवर तसं छापलं होतं.

त्या लॅबचं सॉफ्टवेअर ऋजुताने लिहिलं होतं. डेटाबेसशी बोलणारं एकच कनेक्शन तिने सगळ्या काउंटरना मिळून दिलं होतं. "या कनेक्शनची लायब्ररी, म्हणजे तू घेतलेला तयार कोड, थ्रेडसेफ नाही. दोघांनी एकदम विचारलं तर एकाचं उत्तर दुसऱ्याला जाईल," असं तिचा सहकारी हेरंब म्हणाला होता. "टेस्टिंगमध्ये कधी गेलं का?" म्हणत तिने त्याला उडवून लावलं. सोमवारी सकाळच्या गर्दीत दोन काउंटरवर एकाच क्षणी बटण दाबलं गेलं आणि दोन बायकांचे निकाल अदलाबदल होऊन छापले गेले.

ऋजुताने पेढा तसाच खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. "मशीनचा दोष नाही. माझी चूक आहे. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

सासूबाई आत निघून गेल्या. सुगंधाने पोटावरचा हात काढून घेतला. तिने रागवावं, चार शब्द सुनावावेत, म्हणून ऋजुता मान खाली घालून थांबली.

"त्या दुसरीला काय सांगितलंत?" सुगंधाने विचारलं.

"रिपोर्टवर 'नाही' आलं होतं. तिला अजून खरं कळलेलं नाही."

"मग इथं काय बसलात, ताई? आधी तिच्याकडं जावा. रडत असंल ती."